मालक बदलले, कामाची रीत बदलली आणि झोप उडाली

पत्र असं आहे (थोडं कापलंय):

"ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. वय 44, इथंच 19 वर्षं झाली. थोरले मालक स्वतः शॉपमध्ये फिरायचे, पीसवर बोट फिरवून सांगायचे, हा जाऊ देऊ नको, आपलं नाव जातंय. दोन वर्षांमागं त्यांनी सगळं धाकट्यांच्या हातात दिलं. आता डॅशबोर्ड, केपीआय (कामगिरी मोजायचे आकडे), रात्री अकराला ग्रुपवर कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) फोटो आणि खाली 'कोण जबाबदार?'. शंका आलेला माल मी होल्डला टाकला की म्हणतात हा डिस्पॅच अडवतोय. दोन-तीनदा मनाला न पटता सही केली. तेव्हापासनं झोप नाही, पहाटे तीनला जाग येते, मोबाइल वाजला की छातीत धडधडतं. सकाळी आठ ते रात्री आठ, सहा दिवस. झोपेसाठी एक पेग चालू झालाय, घरी माहीत नाही. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा, मित्र म्हणतात लय विचार करतोस, पगार वेळेवर होतोय की. उचगावला घर घेतलंय, त्याचं लोन आहे. मी कमकुवत झालोय का? सोडून देऊ का नोकरी? आणि पोरगा डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, त्याला या लाइनीत आणू का नको? – एक क्वालिटीवाला"

दादा, पहिलं काम म्हणजे ईसीजी काढून घ्या. बाकीचं सगळं त्याच्यानंतर. 44 वय, दिवसाला बारा तास ड्युटी, झोप नाही आणि छातीत धडधड, एवढं लिहून तुम्ही मला विचारताय कमकुवत झालोय का, आणि मी लगेच मनाच्या गोष्टी सांगत बसायचं, हे काय बरोबर नाही. बीपी, शुगर, थायरॉइड, ईसीजी, फॅमिली डॉक्टरला सांगा, एका सकाळीत उरकतंय सगळं. थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते आणि झोप उडते, आणि माणूस महिनोन्महिने टेन्शन टेन्शन म्हणत बसतो. आणि हो, छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी उठून हॉस्पिटल गाठायचं. बायको बरोबर बोलतेय तुमची.

आता तासांचं. आठ ते आठ, सहा दिवस म्हणजे 72 तास झाले, जायचा-यायचा वेळ सोडून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली मिळून एक अभ्यास काढला होता, त्यात आठवड्याला 55 तास किंवा जास्त राबणाऱ्यांची 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर जास्तवाल्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरायचा धोका 17 टक्क्यांनी जास्त निघाला. तुम्ही 55 च्या कधीच पुढं गेलाय. 2023 साली नारायण मूर्ती तरुणांना म्हणाले 70 तास काम करा, मग 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीच्या चेअरमनांचं 90 तासांचं आलं, आपल्याकडं लोकांनी त्याच्यावर मीम केले, हसले आणि सोमवारी सगळे परत कामावर. पण एसी केबिनमधले 90 तास आणि वाळूच्या धुरळ्यातले, फर्नेसच्या धगीतले 72 तास एकाच मापानं मोजायचे नसतात एवढं तरी मला कळतंय.

तरी पण तुमची झोप तासांनी उडालेली नाही असं मला वाटतंय. थोरल्यांच्या वेळी पण दिवाळीच्या आधी ऑर्डर काढायला रात्री काढल्याच असतील की, तेव्हा अंग दुखत असेल पण घरी येऊन पडलं की झोप लागत असेल. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलंय, न पटता सही केली आणि तेव्हापासनं झोप नाही. मी ते पत्र परत परत वाचलं, ग्रुप, डॅशबोर्ड, केपीआय यांच्यापाशी कुठंच तुम्ही 'तेव्हापासनं' म्हटलेलं नाही, फक्त सहीपाशी म्हटलंय.

ही गोष्ट तुमच्या एकट्याच्या डोक्यातली नाही. नोकरीनं माणूस आतनं संपत जातो त्याच्यावर क्रिस्टिना मास्लाक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर काम केलंय. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी सहा जागा सांगितल्या जिथं माणसाचं आणि नोकरीचं जमेनासं होतं: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. आपण सगळे पहिल्या जागेवरच अडकतो, लय काम आहे, लय काम आहे. शेवटची जागा कोणी बघतच नाही. तुम्हाला चांगलं काम म्हणजे काय ते एक शिकवलेलं, आणि आता बक्षीस मिळतंय दुसऱ्याच गोष्टीला, आणि ते दुसरं तुमच्याच हातनं, तुमच्याच सहीनं करून घेतलं जातंय. जास्त कामानं माणूस थकतो. पण असल्या कामानं स्वतःबद्दलचं मतच फिरायला लागतं, आणि पहाटे तीनला जो जागा होतो तो हाच विषय घेऊन बसतो.

त्यात आपल्या कोल्हापूरचा एक वेगळा पदर आहे. इथली कारखानदारी मेस्त्री माणसांनी उभी केलीय. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पवार यांची नावं अजून घेतात ती काय त्यांच्या भांडवलासाठी नाही घेत. मालकाचेच हात काळे असायचे, पीस त्याला पण कळायचा आणि कामगाराला पण कळायचा, त्यामुळं चांगला पीस कुठला याच्यावर दोघांचं एकमत असायचं, भांडण झालं तरी त्याच्या खाली ते एकमत असायचंच. तुम्ही पण हातोडीनं टकटक करून आवाजावरनं क्रॅक ओळखणाऱ्यातले असणार, बद्द आवाज आला की पीस सरळ लाल पेटीत, त्याला रिपोर्ट लागत नव्हता. आता तो आवाज स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनवर दिसतंय ते डिस्पॅचचं टनेज आणि होल्डला अडकलेला माल, आणि जे दिसतंय तेवढंच खरं, असं नवीन माणसाला वाटलं तर त्यात नवल नाही.

मी धाकट्या मालकांची बाजू घेत नाही हां, पण त्यांना राक्षस पण करू नका. गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट देणाऱ्यांच्या मागं ऑडिट, दहा लाखात किती पीस खराब निघाले त्याचा हिशोब, माल उशिरा गेला की दंड, भावात दर वर्षी कपात, हे सगळं लागलेलं असतं. ते पोरगं पण रात्री अकराला जागं आहे म्हणूनच तुम्हाला अकराला फोटो येतोय. आणि जुनं सगळं सोन्याचं होतं असं पण नाही. सेफ्टी शूज कुठं होते तेव्हा? किती ठिकाणी हजेरी वहीत वेगळी आणि हातात पगार वेगळा असायचा, मालकाचा मूड गेला की चार लोकांसमोर आईबहिणीवरनं शिव्या, आणि भावकीतलं कोण असलं की त्याला सगळं माफ. तेव्हा कोणाच्या झोपा उडाल्या नसतील काय, पण त्याला तेव्हा मानसिक त्रास म्हणायची पद्धत नव्हती.

म्हणून आधी एक करा, कागद घेऊन बसा (मोबाइलवर नको), आणि दोन वर्षांत काय काय बदललं ते सगळं लिहून काढा. मग एकेका ओळीपुढं स्वतःला विचारा, हे मला फक्त नवीन आहे का, का यात माझं काहीतरी गेलंय, का हे चुकीचंच आहे. डॅशबोर्ड भरणं नवीन आहे, वैताग येतो पण ते शिकता येतं, शेजारच्या टेबलावरचं 25 वर्षांचं पोरगं शिकवेल, त्यात मान अडकवू नका. थोरले मालक शॉपमध्ये येत नाहीत, खंडेनवमीला मशिनींची पूजा झाल्यावर सगळे एकत्र जेवायचे ते बंद झालं, असलं काही असेल तर ते गेलंय. त्याचं वाईट वाटणार, वाटू द्या, एखाद्या जुन्या फर्नेसवाल्याबरोबर बसून त्या दिवसांवर बोला, त्याला उपाय वगैरे नसतो. शंका असलेल्या मालावर सही करून घेणं मात्र चुकीचं आहे, ते काय नवीन पद्धत म्हणून गिळायचं नाही. आत्ता तुमच्या डोक्यात हे तिन्ही एकमेकात मिसळलेत आणि त्यामुळं एक्सेल शीट बघून पण तेवढीच धडधड होते जेवढी सहीच्या वेळी व्हायला पाहिजे.

सहीचं सांगते. तुम्ही क्वालिटीला आहात, माल थांबवायचा का सोडायचा हा शेवटचा निर्णय तुमचा नसेल पण तुम्ही काय बघितलं ते लिहायचं काम तुमचंच आहे. पुढच्या वेळी पीडीआय रिपोर्टवर (माल जायच्या आधीच्या तपासणीच्या कागदावर) 'ओके' टाकायचं नाही. हीट नंबर (म्हणजे फर्नेसच्या कुठल्या वितळणीचा माल), किती पीस बघितले, किती पीसमध्ये ब्लो होल (गॅसनं पडलेली पोकळी), कुठल्या जागी, एवढंच सरळ लिहायचं आणि मेल टाकायचा: "माझ्या मते हा माल होल्डला ठेवावा. डिस्पॅच करायचा असल्यास कृपया लेखी कळवा, किंवा कस्टमरकडून डेव्हिएशन घेऊ." बस. टोमणा नाही, मोठी मोठी वाक्यं नाहीत, ग्रुपवर तर अजिबातच नाही. डेव्हिएशन म्हणजे कस्टमरला सांगून त्याची मंजुरी घेऊन माल पाठवणं, तुम्हाला माहीतच आहे, तो राजमार्ग आहे आणि कित्येकदा कस्टमर देतो पण, विचारायचीच लाज वाटते आपल्याकडं. असा मेल गेला की दोनातलं एक होतं, एकतर समोरचा थांबतो, नाहीतर निर्णय त्याच्या नावावर जातो. आणि ब्रेकचा, स्टिअरिंगचा, असला जीवावर बेतणारा पार्ट असेल तर लेखी आलं तरी तुमची सही नाही म्हणजे नाही. तिथं लोनचा हप्ता, पोराची फी, काहीच मधे आणायचं नाही, कारण ती सही पुढं दहा वर्षं पहाटे तीनला उठवेल.

ज्या दोन-तीन सह्या झाल्या त्यांचं पण बघा. तो माल कुठल्या हीटचा होता ते तुम्हाला पाठ असणार, मी पैज लावते. गेलेल्या मालाची कस्टमरकडनं काय तक्रार आली का ते शोधा. आणि पार्ट गंभीर असेल तर धाकट्यांना स्पष्ट सांगा की तो लॉट परत तपासायला पाहिजे. लय अवघड आहे हे, मला कळतंय. पण झोपेची गोळी जे करणार नाही ते हे एक बोलणं करू शकतं.

बोलायचं कसं, तर एकटं गाठून, डिस्पॅचच्या गडबडीत नाही, सकाळी पहिल्या तासात. "तुमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य चुकून पण तोंडातनं काढू नका, बापाशी तुलना कुठल्याच पोराला चालत नाही, त्यातनं कोल्हापूरच्या पोराला तर नाहीच. त्यापेक्षा त्यांच्याच भाषेत जा. गेल्या तीन महिन्यांत रिजेक्शन कुठल्या पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला) जास्त, कुठल्या शिफ्टला, वाळूत ओलावा वाढला की किती वाढतंय, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते एका पानावर आणा आणि टेबलावर ठेवा. 19 वर्षांचा अनुभव आकड्यात आला की तो त्या डॅशबोर्डवर दिसायला लागतो. मग दोनच गोष्टी मागा: होल्डच्या मालावर शेवटचा शब्द कोणाचा ते लेखी ठरवू, आणि रात्री नऊनंतर ग्रुपवर 'कोण जबाबदार' नको, सकाळच्या मीटिंगला विचारा. दुसरी मागणी बहुतेक मान्य होईल, पहिलीला वेळ लागेल.

आणि थोरल्या मालकांच्या घरी जाऊ नका. मला माहीत आहे तुमच्या मनात ते येऊन गेलंय. ते ऐकून घेतील, चहा पाजतील, रात्री पोराला दोन शब्द बोलतील, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही धाकट्यांच्या नजरेत कायमचे चुगलखोर. त्यांनी हातातनं सोडलंय, आता त्यांना मधे ओढून त्यांची पण झोप घालवायची नाही.

मोबाइलचं एक छोटं. ग्रुप म्यूट करा आणि शिफ्टच्या माणसाला सांगा, खरंच फर्नेस बंद पडली, कोणाला लागलं तर फोन कर. फोन वाजला म्हणजे खरंच काहीतरी आहे हे शरीराला कळायला लागलं की टिंग वाजल्यावरची धडधड काही आठवड्यांत कमी होते.

पेग. मी दारूबंदीवाली नाही, पण झोपेसाठी घेतलेला पेग हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे, कारण दारूनं झोप लवकर लागते आणि रात्रीच्या दुसऱ्या भागात तीच झोप मोडते. तुमचा पहाटेचा तीनचा गजर थोडाफार तिनंच लावलेला असू शकतो. एकाचे दोन व्हायच्या आधी बायकोला सांगा. तिला वास आला नसेल असं तुम्हाला वाटतंय, मला नाही वाटत. मात्र रोज घेऊन लय दिवस झाले असतील आणि प्रमाण वाढलं असेल तर एकदम तोडायच्या आधी डॉक्टरशी बोला, अचानक बंद केल्याचा पण त्रास होतो. आणि मेडिकलमधनं ओळखीनं झोपेच्या गोळ्या आणू नका, दारूवर तर अजिबातच नाही.

कमकुवतपणाचं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची नवीन आवृत्ती 2022 पासून लागू झाली, त्यात बर्नआउटची नोंद आहे आणि ती आजार म्हणून नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. खुणा तीन: अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल मन आंबणं म्हणजे 'जाऊ दे, आपलं काय जातंय' असं व्हायला लागणं, आणि आपल्याला आता काही जमत नाही असं वाटणं. तुमच्यात मला पहिली आणि तिसरी दिसते. मधली नाही, अजून तुम्हाला फरक पडतोय, म्हणून तर पत्र लिहिलंत. मित्रांना 'पगार होतोय की' एवढंच दिसतंय, त्यांना काय दोष द्यायचा, पण माणूस जे घालतो आणि जे परत मिळतं त्याच्या हिशोबात पगाराबरोबर मान पण धरतात, आणि तुमच्या मानाच्या खात्यात दोन वर्षं नुसतं डेबिटच चाललंय.

पण एक बघायचं. सुट्टीच्या दिवशी, गावाकडं गेल्यावर, चार मित्रांत मिसळ खाताना बरं वाटतं का? वाटत असेल तर त्रास जास्त करून कामाचा आहे. तिथं पण मन लागत नसेल, कशातच गोडी नाही, भूक गेली, आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलंय, तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याला उपचार आहे आणि तो मानसोपचार डॉक्टरच करतात, आम्ही सदरवाले नाही. कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, सीपीआरला, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं कोण ओळखीचं भेटेल म्हणून जात नसाल (कोल्हापुरात भेटणारच, ते गृहीत धरा) तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची पण गरज नाही. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर आजच लावा, हे वाचून झालं की लगेच.

सोडू का? रागात नको. झोप नसलेल्या माणसानं राजीनामा लिहायचा नाही. पण बाहेर बघायला कोण अडवतंय, गोकुळ शिरगाव आहे, कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे, आणि वाळूतलं आणि कास्टिंगमधलं कळणारा क्वालिटीवाला रोज मिळत नाही. बायोडेटा करून ठेवा, दोन ठिकाणी बोलून या. घरचा हिशोब लिहा, हप्ता, फी, किराणा, किती महिने निघतील. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर हक्काची असते, वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे तुमच्या 19 वर्षांचा साधारण अकरा महिन्यांचा बेसिक आणि डीए होतो. जाताना पीएफ काढू नका, नवीन ठिकाणी ट्रान्सफर करा. हे सगळं मांडून झालं की बऱ्याचदा माणूस सोडत नाही, पण धाकट्यांच्या केबिनमध्ये जाताना त्याचे पाय लटपटत नाहीत. आणि लेखी मागितल्यावर पण जर उत्तर आलं की 'सही करायची असेल तर कर नाहीतर घरी बस', तर मग ते उत्तरच आहे, तीन-चार महिन्यांची तयारी करून निघा.

पोराचं आत्ता ठरवू नका, तुमची झोप परत येईपर्यंत तरी. आत्ता तुम्ही लाइन वाईट म्हणून त्याला अडवाल, नाहीतर माझं गेलं तरी त्याचं होऊ दे म्हणून ढकलाल. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर दुसऱ्या कोणाच्या तरी शॉपमध्ये घाला त्याला, तुमच्या नको, आणि परत आल्यावर काय बघितलं ते त्यालाच विचारा.